बोलकी पिस्तुले

आयुधपूजेच्या दिवशी बंगळूरच्या चिकपेटमध्ये दुकानांची दारे उघडतात ती आधी पूजेसाठी. गिऱ्हाइकाचा नंबर त्यानंतर. रेशमी साड्यांच्या दुकानात गज आणि कात्री, सराफाच्या पेढीवर तराजू आणि वजने, शिंप्याकडे शिवणयंत्र, हमालाकडे त्याची हातगाडी. ज्याचे पोट ज्या वस्तूवर चालते, ती वस्तू त्या दिवशी धुतली-पुसली जाते, तिला गंध-फूल वाहिले जाते, आणि रस्त्यावर कुंकू घातलेला कोहळा फोडला जातो. महाराष्ट्रात या दिवसाला खंडेनवमी म्हणतात. खंडा म्हणजे तलवार. दिवसाच्या नावात तलवार राहिली आहे. पूजेच्या पाटावर मात्र बहुतेक घरांतून तिची जागा विळी, कोयती आणि पान्याने घेतली आहे.

तथापि काही थोडी घरे अशी असतात, की जेथे त्या दिवशी कुलूपबंद पेटी उघडली जाते आणि पणजोबांच्या वेळचे एखादे पिस्तूल बाहेर काढले जाते. आणि काही माणसे अशी असतात, की वर्षातून एकदा पेटी उघडून त्यांचे समाधान होत नाही. कोणी नाणी जमवतो, कोणी टपालाची तिकिटे जमवतो, तशी ही माणसे पिस्तुले जमवतात, पारखतात, आणि आपल्यासारखाच दुसरा कोणी भेटला, की एका चापाच्या घडणीवर तासन् तास बोलत बसतात. या छंदाकडे लोक किंचित संशयाने पाहतात, आणि ते स्वाभाविक आहे. बंदूक शिकारीला लागते, कोयता शेतीला लागतो. पिस्तूल मात्र माणसाने माणसावर, जवळून, एका हाताने चालवावे म्हणूनच जन्माला आले. अशा वस्तूचा जिव्हाळा सज्जन, विचारी माणसाला का वाटावा? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यास चिकपेट आणि त्याचा परिसर ही जागा मोठी सोयीची आहे.

कानडीत चिक्क म्हणजे लहान आणि दोड्ड म्हणजे मोठा. पहिल्या केंपेगौडाने १५३७ मध्ये बंगळूर वसवले, तेव्हा एकमेकांना छेदणारे जे दोन मुख्य रस्ते आखले, त्यांपैकी एक चिक्कपेटे आणि दुसरा दोड्डपेटे. पुढे १६३८ मध्ये विजापूरच्या सैन्याने हे गाव घेतले आणि ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. जवळजवळ अर्धशतक येथे भोसल्यांचा अंमल होता. १६८७ मध्ये ते मोगलांच्या हाती पडले व लगेच म्हैसूरच्या चिक्कदेवराजाला तीन लाख रुपयांना विकले गेले. म्हणजे या पेठेच्या फरसबंदीशी मराठी माणसाचे नाते परके नाही. हैदरअलीने १७६१ च्या सुमारास पेठेच्या दक्षिणेला असलेला मातीचा किल्ला दगडात बांधून काढला. त्या किल्ल्याचा थोडासा भाग आणि टिपू सुलतानाची म्हणून ओळखली जाणारी एक शस्त्रकोठी आजही कलासिपाळ्याच्या बाजूला उभी आहे. आणि कृष्णराजेंद्र बाजाराजवळच्या एका वस्तीचे नाव आहे तारामंडलपेट. टिपूचे अग्निबाण बनवणाऱ्या कारखान्यांना तारामंडल म्हणत, त्यावरून हे नाव पडले असे मानतात. ज्या गल्ल्यांतून आज कापडाचे तागे आणि फुलांच्या पाट्या वाहिल्या जातात, त्यांच्या परिसरात दोनशे वर्षांपूर्वी खऱ्या आयुधांचा उद्योग चालत असे.

तो उद्योग किती अवघड होता, हे कळण्यासाठी पिस्तुलाची रचना थोडी समजून घेतली पाहिजे. आपल्याकडची जुनी बंदूक तोड्याची. नळीत दारू आणि गोळी ठासायची, नळीच्या मुळाशी असलेल्या कानात रंजक भरायची, आणि जळता तोडा त्या रंजकेला लावायचा. ही बंदूक साधी, स्वस्त आणि दणकट होती. गावचा लोहारही ती दुरुस्त करी. म्हणूनच हिंदुस्थानात ती एकोणिसाव्या शतकापर्यंत टिकली. परंतु तोड्याचे पिस्तूल ही फारशी उपयोगाची वस्तू नव्हे. पिस्तूल हे कमरेला किंवा खोगिराला लावून ठेवायचे आणि ऐनवेळी ओढायचे हत्यार आहे. ज्याला सतत पेटती वात लागते, ते कमरेला कसे लावणार? त्यासाठी ठिणगी हत्यारातच निर्माण झाली पाहिजे.

गारेच्या चापाने हे साधले. यात घोड्याच्या जबड्यात गारेचा तुकडा घट्ट धरलेला असतो. चाप ओढला, की घोडा पुढे झेपावतो, गार पोलादी पट्टीवर घासते, त्याच आघाताने पट्टी पुढे सरून रंजकेचा कान उघडतो, ठिणग्या रंजकेवर पडतात, आणि तिचा जाळ बारीक छिद्रातून आतल्या दारूपर्यंत पोहोचतो. हे सर्व डोळ्याचे पाते लवावे इतक्या वेळात व्हावे लागते. त्यासाठी कमानीचे पोलाद फार मऊ नको, फार ठिसूळ नको. पट्टीचा पृष्ठभाग ठिणगी देण्याइतका कठीण हवा. घोडा अर्धा ओढला असता अडकून राहिला पाहिजे आणि पूर्ण ओढला असता हलक्या बोटाने सुटला पाहिजे. एवढे करूनही दमट हवेत नुसतीच रंजक उडे आणि गोळी नळीतच राही. एकदा बार झाला, की पिस्तूल पुन्हा भरण्यास वेळ लागे. म्हणून स्वार पिस्तुलांची जोडी बाळगीत असे.

हे काम लंडनचे आणि पॅरिसचे कारागीर करीत होते. टिपूच्या राज्यातील कारागिरांनी अठराव्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत ते आपल्या भूमीवर करून दाखवले. टिपूने १७८७ मध्ये फ्रान्सच्या सोळाव्या लुईच्या दरबारी वकील पाठवून तिकडचे कारागीरही मागवले होते. परंतु म्हैसूरची पिस्तुले ही युरोपीय मालाची नुसती नक्कल नव्हेत. त्यांच्या काही जोड्यांतील एका पिस्तुलाचा चाप उजव्या बाजूला असतो, तर दुसऱ्याचा डाव्या बाजूला. दोन्ही समोरासमोर धरली, की एक दुसऱ्याचे आरशातील प्रतिबिंब वाटावे. ज्याने यंत्राचे काम थोडेसे जरी केले आहे, त्याला यातील कष्ट कळतील. डाव्या चापाचा प्रत्येक भाग उलट घडवावा लागतो. उजव्याचा एकही सुटा भाग त्याला चालत नाही. नळीवर आणि चापावर वाघाच्या पट्ट्यांसारखी नक्षी असते, तिला बबरी म्हणतात. हैदर या नावाची चार अक्षरे चार घरांत मांडलेला एक लहानसा ठसा असतो. आणि पुष्कळदा सालही असते. मात्र ते टिपूने स्वतः चालू केलेल्या मौलूदी शकाचे असते आणि त्याचे आकडे उजवीकडून डावीकडे वाचायचे असतात. ज्याला हे ठाऊक नाही, तो ते साल उलटे वाचतो आणि फसतो.

या कारागिरांच्या हयातीतच त्यांचे काम उधळले गेले. ७ मार्च १७९१ रोजी कॉर्नवॉलिसच्या सैन्याने हलसूरच्या वेशीवर हल्ला करून बंगळूरची पेठ घेतली आणि २१ मार्चच्या रात्री किल्ला घेतला. त्या युद्धात मराठे आणि निजाम इंग्रजांच्या बाजूला होते. परशुरामभाऊ पटवर्धन त्या वेळी धारवाडच्या वेढ्यात होते आणि ते व हरिपंत फडके मे महिन्याच्या अखेरीस श्रीरंगपट्टणच्या वाटेवर कॉर्नवॉलिसला मिळाले. नंतर ४ मे १७९९ रोजी श्रीरंगपट्टण पडले, टिपू मारला गेला आणि त्याचा शस्त्रसंग्रह लुटीच्या वाटणीत गेला. काही शस्त्रे इंग्लंडच्या राजघराण्याकडे गेली, काही पोविस येथील गढीत गेली, आणि पुष्कळशी अधिकाऱ्यांच्या सामानातून खेड्यापाड्यांतील घरांच्या भिंतींवर जाऊन लटकली. दोन पिढ्यांनी त्या घरांतील मुलांना ही शस्त्रे कोणाची, कोठची, कोणी केलेली, हे सांगता येईनासे झाले. राहिली ती पूर्वेकडची एक शोभेची वस्तू.

आणि येथे छंदिष्ट माणसाचे काम सुरू होते. रॉबिन विगिंग्टन नावाचा एक इंग्रज संग्राहक होता. तो राजा नव्हता, सेनापती नव्हता. जुन्या शस्त्रांचा शौकीन होता. त्याने टिपूची शस्त्रे एकेक करून जमवली आणि जी मिळाली नाहीत ती ज्यांच्याकडे होती त्यांच्याकडे पाहिली. ठसे ताडून पाहिले, साले वाचली आणि १९९२ मध्ये टिपूच्या बंदुका व पिस्तुले यांवर एक सविस्तर ग्रंथ प्रसिद्ध केला. म्हैसूरचे शस्त्रकार काय करू शकत होते, हे आज बारकाईने सांगता येते, त्याचे मोठे श्रेय या छंदाला आहे. त्याचा संग्रह २१ एप्रिल २०१५ रोजी लंडनमध्ये लिलावात निघाला, तेव्हा तीस नगांना साठ लाख पौंडांहून अधिक किंमत आली. लोकांनी ती किंमत लक्षात ठेवली. परंतु लिलावाने संग्रह पुन्हा पांगला, आणि पांगला नाही तो त्या ग्रंथातील वृत्तांत.

जुन्या पिस्तुलांचे शौकीन एकत्र बसतात तेव्हा ते काय बोलतात, हे ऐकण्यासारखे असते. नेमबाजीच्या गप्पा त्यात थोड्या. अधिक बोलणे ठशांचे. बर्मिंगहॅममध्ये १८१३ साली नळ्यांच्या परीक्षेसाठी खास संस्था निघाली. तेथे प्रत्येक नळीत नेहमीपेक्षा जास्त दारू भरून ती उडवून पाहत आणि टिकली तर तिच्यावर ठसा मारीत. त्या ठशाच्या आकारावरून नळीचा काळ सांगता येतो. स्कॉटलंडमधील फोर्सिथ या धर्मोपदेशकाने १८०७ मध्ये आघाताने पेटणाऱ्या मसाल्याचे पेटंट घेतले. त्यातून पुढे तांब्याची टोपी आली आणि गारेची पिस्तुले एकाएकी जुनी झाली. पुष्कळांनी आपली जुनी हत्यारे टोपीची करून घेतली. अशा बदललेल्या पिस्तुलावर जुन्या कानाची खूण बुजवलेली दिसते, आणि ती शोधून काढण्यात या मंडळींना कोण आनंद होतो! १८३६ मध्ये कोल्टने फिरत्या नळकांड्याच्या पिस्तुलाचे अमेरिकेतील पेटंट घेतले आणि एका बाराच्या हत्याराचे पाच-सहा बारांचे हत्यार झाले. ही नक्षी मूळची, की मागाहून कोणी चढवली? हा दस्ता याच पिस्तुलाचा, की दुसऱ्याचा? असे वाद रात्र रात्र चालतात. वरवर पाहणाऱ्याला तो पोरखेळ वाटतो. वस्तुतः ती साक्षीदाराची उलटतपासणी असते.

ही उलटतपासणी किती मोलाची ठरू शकते, याचे आपल्या अगदी जवळचे उदाहरण आहे. १७ डिसेंबर १९२८ रोजी लाहोरमध्ये साँडर्स या पोलीस अधिकाऱ्यावर भगतसिंग आणि पुणे जिल्ह्यातील खेडचे शिवराम हरी राजगुरू यांनी गोळ्या झाडल्या. त्या खटल्यात भगतसिंगांचे बत्तीस बोअरचे कोल्ट पिस्तूल पुराव्यात आले होते आणि त्याचा क्रमांक १६८८९६ कागदोपत्री नोंदलेला होता. पुढे ते पिस्तूल दृष्टीआड झाले. फिल्लौरच्या पोलीस प्रशिक्षण संस्थेतून १९६९ मध्ये काही जुनी शस्त्रे इंदूरला सीमा सुरक्षा दलाच्या संग्रहात गेली, त्यांत ते होते. पण ते कोणते, हे कोणालाच ठाऊक नव्हते. गंजू नये म्हणून त्यावर काळा रंग चढवलेला होता. २०१६ च्या सुमारास शोध सुरू झाला, रंगाचा थर खरवडला गेला, क्रमांक दिसला आणि तो जुन्या नोंदीशी जुळला. एका क्षणापूर्वी जे संग्रहातील एक बिननावाचे हत्यार होते, ते इतिहासाचे एक पान झाले. आता ते हुसैनीवाला येथील संग्रहालयात आहे. लोखंड तेच होते. त्याच्यामागे नोंद येऊन उभी राहिली, एवढाच फरक.

पिस्तूलप्रेमाच्या प्रश्नाचे उत्तर येथे सापडते. पिस्तूल जवळ असणे हा या छंदाचा धाकटा भाग आहे. त्याला बोलते करणे हा थोरला भाग. जो नुसतेच जवळ बाळगतो तो राखणदार. जो त्याची नोंद करतो, इतरांना दाखवतो आणि आपली चूक कोणी काढली तर ती मान्य करतो, तो संग्राहक. पुण्याचे दिनकर गंगाधर केळकर यांनी जुन्या वाड्यांतून दिवे, अडकित्ते, दौती, वाद्ये आणि शस्त्रेही जमवली, आणि १९६२ मध्ये तो सारा संग्रह राज्य सरकारच्या स्वाधीन केला. त्यांच्या संग्रहात शस्त्र अडकित्त्याच्या शेजारी बसते, आणि तेथे ते कोणाला भिववीत नाही. ते कोणाच्या तरी हातचे काम म्हणून पाहिले जाते.

मात्र पिस्तूल हा अडकित्ता नव्हे, आणि कायदा ही गोष्ट विसरत नाही. लिटनच्या कारकिर्दीत १८७८ मध्ये झालेल्या शस्त्रकायद्याने हिंदी माणसाचे हत्यार परवान्याखाली आणले आणि युरोपीयांना मोकळीक दिली. त्या अपमानाची आठवण पुष्कळ वर्षे राहिली. स्वतंत्र भारताने १९५९ मध्ये नवा कायदा केला. तो १ ऑक्टोबर १९६२ पासून अंमलात आला. त्यात वर्णभेद नाही, पण परवाना आहे. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीजवळील बंदुका-पिस्तुलांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली. नेमबाज खेळाडूंसाठी वेगळी तरतूद आहे. शेजारच्या कोडगूतील कोडव लोकांना आणि तेथील जम्मा जमिनीच्या धारकांना परवान्यातून सूट आहे, ती २०१९ मध्ये आणखी दहा वर्षांसाठी वाढवण्यात आली. कैलपोळ्दच्या सणाला ते आपली शस्त्रे फुलांनी सजवतात. परंतु ती सूट त्यांच्या परंपरेसाठी आहे, इतरांच्या हौसेसाठी नाही.

संग्राहकाच्या दृष्टीने १९५९ च्या कायद्याचे पंचेचाळिसावे कलम सर्वांत महत्त्वाचे. जे शस्त्र कालबाह्य घडणीचे, पुराणवस्तू म्हणून मोलाचे किंवा मोडके आहे, आणि जे दुरुस्त करूनही बंदूक म्हणून चालणार नाही, त्याला हा कायदा लागू नाही. इंग्लंडच्या १९६८ च्या कायद्यात केवळ कुतूहलाची वा शोभेची वस्तू म्हणून बाळगलेल्या पुराण्या बंदुकीला सूट आहे, मग ती चालण्याजोगी का असेना. आपल्याकडे नुसते वय पुरेसे नाही. हत्यार मेलेले असावे लागते. ज्याला चापाची जिवंत हालचाल पाहण्यातच रस, त्याला ही अट खटकते. पण गर्दीच्या गावात, लहान घरात, मुलांच्या हाताशी चालते पिस्तूल असण्याचा धोका ज्याने मनात आणला, त्याला या अटीमागची काळजीही कळते. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. कायद्याने सुरक्षिततेकडे झुकते माप दिले आहे, आणि वस्तूचा स्वभाव पाहता ते अयोग्य म्हणता येत नाही.

परंतु कायद्याची पूर्तता करताना नोंद मरू देणे हे मात्र कोणत्याही कायद्याने सांगितलेले नाही, आणि आपल्याकडे ती नेमकी तशी मरते. वडील वारतात, मुलांना पिस्तुलाची भीती वाटते, एक जण ते घाईघाईने ठाण्यात जमा करतो, दुसरा माळ्यावर लपवतो आणि नकळत गुन्हा करतो, तिसरा चिंच आणि राख लावून ते इतके लखलखीत घासतो, की शंभर वर्षांचा ठसा पुसून जातो. हे टाळणे कठीण नाही. घरात जुने पिस्तूल निघाले, तर ते निकामी आहे असे स्वतःच ठरवू नये. त्यात गोळी किंवा दारू राहिलेली असू शकते, म्हणून चाप ओढून पाहू नये. परवाना देणारा अधिकारी, म्हणजे जिल्ह्यात जिल्हादंडाधिकारी आणि मोठ्या शहरात पोलीस आयुक्त, यांच्या कार्यालयाला वेळीच कळवावे. ते घासू नये, खरवडू नये. जाणकाराने ते हाताळले, की नळीवरचे आणि चापावरचे ठसे, असल्यास क्रमांक, आणि ते घरात कोणाकडून, केव्हा आले याची घरातील वडीलधाऱ्यांनी सांगितलेली हकीकत कागदावर लिहून घ्यावी, चित्र घ्यावे. त्यानंतर ते हत्यार घरी राहो, सरकारजमा होवो की संग्रहालयात जावो, ते मुके होणार नाही.

म्हैसूरच्या कारागिरांनी उलट्या बाजूचा चाप घडवला तेव्हा त्यांनी आपल्या कामावर ठसा मारला आणि साल घातले. कोणीतरी हे कधीतरी वाचील, एवढा विश्वास त्यामागे असला पाहिजे. तो विश्वास दोनशे वर्षांनी, सात समुद्रांपलीकडे, एका छंदिष्टाने खरा केला. आपल्या घरांतील आणि वाड्यांतील पेट्यांबाबत तो आपल्यालाच खरा करता येईल. पुढच्या खंडेनवमीला ज्या घरी परवान्याचे वा निकामी ठरलेले जुने पिस्तूल पाटावर येईल, तेथे फुलाशेजारी त्याच्या हकिकतीचा एक कागदही ठेवला जावा.